कार्हुनकिएर्रोस ट्रेक, फिनलंड: ‘सपाट आहे’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, झाडं बघा

आधी निकाल सांगून टाकतो. ट्रेक करण्यासारखा आहे, शंभर टक्के आहे. पण "सपाट आहे हो, लाकडी फळ्यांवरून चालायचं, उंची काहीच नाही" असं जे आम्हाला नागपुरात बसून सांगितलं गेलं, व्हिडिओ दाखवले गेले, ते अर्धवट आहे आणि अर्धवट माहिती देऊन माणसाला ८२ किलोमीटरवर पाठवणं मला तरी बरोबर वाटत नाही. उंचीचे आकडे खोटे नाहीत. सगळ्यात उंच टेकडी पाचशे मीटरच्या आतच आहे, आणि आपलं नागपूरच ३१० मीटरवर आहे. त्यामुळे कागदावर बघितलं की वाटतं हे काय, सह्याद्री केलेल्या माणसाला हे काय कठीण. पण तिथं उंची दमवत नाही, जमीन दमवते. आणि जमीन कशी आहे हे नकाशावर कळत नाही, ते झाडावरून कळतं. हे मला तिसऱ्या माणसाकडून नाही, पायांनी शिकायला लागलं म्हणून सविस्तर लिहून राहिलो.

थोडक्यात ओळख. कार्हुनकिएर्रोस हा फिनलंडचा सगळ्यात नावाजलेला लांब पल्ल्याचा पायमार्ग, उत्तरेला हाउतायार्वीपासून दक्षिणेला रुकापर्यंत. बराचसा भाग ओउलान्का राष्ट्रीय उद्यानातून जातो, उद्यान १९५६ चं आहे. हाउतायार्वी जवळजवळ आर्क्टिक वृत्तावरच आहे. म्हणजे आपण शाळेत भूगोलात ‘तैगा’, ‘सूचिपर्णी वने’ म्हणून पाठ केलं तेच हे जंगल, अलास्का-कॅनडापासून स्कँडिनेव्हिया, रशिया करत पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत जाणारा पट्टा. फिनलंडच्या जमिनीचा सुमारे पाऊण भाग जंगलच आहे. पुस्तकात एक हिरवा पट्टा रंगवलेला असतो आणि वाटतं सगळीकडे एकसारखं ख्रिसमसचं झाड. तसं अजिबात नाही.

पोचण्याबद्दल. रुकाजवळच्या कूसामो गावाला विमानतळ आहे, हेलसिंकीहून विमान मिळतं. प्रवासी रेल्वे कूसामोला येत नाही, ट्रेनने यायचं तर ओउलू किंवा रोव्हानिएमीपर्यंत आणि पुढे बस. उन्हाळ्यात रुका आणि हाउतायार्वीच्या मधे बस चालते पण ती रोज नसते, वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं, निघायच्या आदल्या आठवड्यात बघून घ्या.

आता लुटीची गोष्ट. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, ग्रुपमधे दोघांची मुलं शाळेतली, म्हणून आम्ही जूनमधेच बसवलं. आमचं सगळं बुकिंग करणाऱ्याने (नाव लिहीत नाही) कूसामो ते हाउतायार्वी ‘ट्रान्सफर’ म्हणून एक रक्कम पॅकेजमधे लावली होती आणि तिथे उतरल्यावर कळलं की ती फक्त रुकापर्यंतची होती, पुढचे वेगळे द्या. आणि दिवस कोणता, तर युहान्नुसचा. हे नाव लक्षात ठेवा. १९ ते २५ जूनच्या मधे जो शुक्रवार येतो तो त्यांचा मध्य-उन्हाळी सणाचा आदला दिवस, त्या दिवशी दुपारपासून अर्धा देश तळ्याकाठी गेलेला असतो, दुकानं बंद, बस नाही. टॅक्सीवाल्याने सांगितली ती रक्कम ऐकून वहिनी म्हणाली, "भाऊजी, एवढ्यात तर आपण नागपूर-पुणे विमानाने जाऊन येऊ." द्यावीच लागली. फिनलंडमधे २०१८ पासून टॅक्सीच्या भाड्यावर सरकारी मर्यादा नाही, त्यामुळे गाडीत बसायच्या आधी पूर्ण भाडं ठरवून घ्या, मीटर चालू झाल्यावर बोलून उपयोग नाही. आणि इथल्या एजंटला ‘ट्रान्सफर कुठून कुठपर्यंत’ हे गावाच्या नावासकट लिहून मागा. तोंडी नको. युहान्नुसच्या आठवड्यात तर ट्रेक सुरूच करू नका.

बरं, आता जंगल.

सुरुवातीच्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही कारण ते सोपे आहेत. सावीलाम्पी, तैवालक्योंगास, झुलते पूल, नदी, सगळं सुंदर, फोटो सगळीकडे बघायला मिळतील. त्या भागात एक गोष्ट मात्र लक्ष देऊन बघा, ती म्हणजे स्कॉट्स पाईन. खोड खालून करडं, भेगाळलेलं, आणि वरचा अर्धा भाग नारिंगी, ऊन पडलं की पेटल्यासारखा दिसतो. खालच्या फांद्या झाडाने स्वतःच टाकून दिलेल्या असतात त्यामुळे जंगलात आरपार दिसतं, उजेड येतो, वारा येतो. पायाखाली वाळूची जमीन, त्यावर पांढुरकं रेनडियरचं दगडफूल पसरलेलं. पाऊस पडला तरी पाणी लगेच मुरतं. पाईनचं मूळ वाळूत खोल जातं त्यामुळे वाटेवर मुळं फारशी नाहीत. तर नियम पहिला: नारिंगी खोडं दिसली की पाय उचला, तासाला चार किलोमीटर आरामात होतात, पाणी भरायचं, जेवायचं, तंबू लावायचा तो इथेच. व्हिडिओवाले सगळे याच भागात कॅमेरा काढतात, म्हणून सगळ्यांना वाटतं अख्खा ट्रेक असाच.

त्या दगडफुलावर पाय देऊ नका एवढी विनंती. आपल्याकडे काळ्या मसाल्यात जातं ते दगडफूल, त्याच्याच गोतातलं हे, बुरशी आणि शेवाळ एकत्र राहून बनलेलं. वर्षाला काही मिलिमीटर वाढतं. कोरडं असताना पाय पडला की चुरा होतो आणि तो डाग भरून यायला पुढची कितीतरी वर्षं लागतात. हिवाळ्यात बर्फ उकरून रेनडियर हेच खातात. रेनडियर तिथे भरपूर दिसतील, पण ते जंगली नाहीत, प्रत्येकाचा मालक आहे, कानावर खुणा असतात. मागे धावू नका.

जुन्या पाईनच्या खोडावर बुंध्याशी कधीकधी त्रिकोणी काळा व्रण दिसतो, तो जुन्या वणव्याचा. जाड सालीमुळे झाड वाचतं, फांद्या उंच असल्यामुळे आग शेंड्यापर्यंत चढत नाही. स्प्रूस हे तिथलं दुसरं मोठं सूचिपर्णी झाड, त्याचं उलट, साल पातळ, फांद्या जमिनीपर्यंत, आग लागली की खालून वर सरळ. वणवा ही या जंगलाची नेहमीचीच गोष्ट आहे, कॅनडातल्या जॅक पाईनची शंकूसारखी फळं तर राळेने चिकटून बंद असतात, आगीची उष्णता लागली की उघडतात आणि बिया सांडतात. पण आगीची सवय असलेल्या जंगलालासुद्धा मर्यादा असते, २०२३ मधे कॅनडात दीड कोटी हेक्टरच्या आसपास जंगल जळालं. म्हणून फिनलंडमधे वणव्याचा इशारा लागू असला की उघड्यावर आग बंद म्हणजे बंद. एरवी ठरवून दिलेल्या चुलीच्या जागीच पेटवायचं, तिथे लाकडं फुकट ठेवलेली असतात, कुऱ्हाडही असते. झाडाची वाळकी फांदीसुद्धा तोडायची नाही.

वाळक्या झाडांवरून आठवलं, तिथे मेलेली पाईन उभीच असतात, साल गळून पडलेली, खोड चांदीसारखं राखाडी, पिळवटलेलं. राळ भरलेली असल्यामुळे लाकूड कुजत नाही, मेल्यावर शंभर शंभर वर्षं झाड उभं राहतं. मामेभाऊ म्हणाला हे कापून का नाही नेत. नाही नेत ते बरंच आहे, त्यात सुतार पक्षी, घुबडं, किडे, बुरशा असं सगळं नांदतं.

दुसरी जमीन म्हणजे दलदल. इथे लाकडी फळ्या टाकलेल्या आहेत, दोन फळ्या शेजारी शेजारी, त्यावरून एकामागे एक चालायचं. ओळखायची खूण: पाईन अचानक बुटके होतात. मनगटाएवढं खोड, उंची आपल्याएवढी, आणि वाटतं रोपटं आहे. ते शंभर वर्षांचं असू शकतं. मुळांना हवा मिळत नाही, अन्न मिळत नाही, पाणी थंडगार आणि आंबट, म्हणून वाढच होत नाही. सोबत एक गुडघ्याएवढं झुडूप, पानं खालून तपकिरी लवेची, जूनमधे पांढरे गुच्छ आणि उग्र वास, त्या वासाने आमच्यातल्या एकाचं डोकं धरलं. हे झुडूप दिसलं की फळी सोडायची नाही. खाली जे हिरवं-लालसर गालिच्यासारखं दिसतं ते स्फॅग्नम शेवाळ आहे, स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसेक पट पाणी धरून ठेवतं. ट्रेकिंग पोल टाकून बघितला, अर्ध्याच्या वर आत गेला. ही मेलेली शेवाळं हजारो वर्षं न कुजता साठून राहतात, थंडी आणि आंबट पाण्यामुळे कुजवणाऱ्या जिवाणूंना कामच करता येत नाही. म्हणून तैगातला कार्बन झाडात कमी आणि पायाखालच्या मातीत जास्त असतो. हे मी आधी वाचलं होतं पण पोल बाहेर काढल्यावर जो काळा चिखल आला तो बघून खरं पटलं.

फळ्या ओल्या असतील तर साबण. मधोमध चाला, कडेवर नको, आणि शूजचा तळ झिजलेला असेल तर नवीन घ्या, यात काटकसर करू नका.

डास. याबद्दल इथे कोणी खरं सांगत नाही. "आपण नागपूरचे, मच्छर काय नवीन" असं आमच्यातल्या एकाने म्हटलं होतं. बर्फ वितळलं की सगळीकडे डबकी, आणि जूनच्या मध्यापासून जुलैभर त्यातून जे निघतं ते ढगच असतात. मलेरिया-डेंग्यूची भीती नाही एवढाच दिलासा. डासांशिवाय काळ्या बारीक माश्या असतात, त्यांच्या अळ्या वाहत्या पाण्यात वाढतात, म्हणजे धबधब्याशेजारी बसून डबा खायचा विचार असेल तर सोडून द्या. त्या चावल्यावर लगेच कळत नाही, संध्याकाळी कानामागे रक्त दिसतं आणि दुसऱ्या दिवशी सूज. तिसरा प्रकार इतका बारीक की जाड जाळीतून आत येतो. इथून नेलेलं क्रीम कमी पडलं, तिथल्या सुपरमार्केटमधे मिळणारं जास्त ताकदीचं घ्या, डोक्यावरची जाळी दुकान दिसेल तिथे पहिली विकत घ्या, आणि फिक्या रंगाचे सैल पूर्ण बाह्यांचे कपडे. चावा अंगाला चिकटलेल्या टाइट्समधून आरपार जातो. तंबूची जाळी अगदी बारीक विणीची हवी.

किउताक्योंगासचा धबधबा बघितला, लाल खडकाचा कडा बघितला, छान आहे. तिथे पर्यटक केंद्र, कॅफे, गाड्या येतात. त्या परिसरात डोलोमाइट म्हणजे चुनखडीच्या जातीचा खडक असल्यामुळे आंबटपणा कमी आणि म्हणून बाकी तैगात न दिसणारी फुलं येतात. कॅलिप्सो नावाचं छोटं गुलाबी ऑर्किड त्या उद्यानाचं चिन्ह आहे, जूनच्या सुरुवातीला गेलात तर दिसेल, आम्हाला एकच दिसलं आणि तेही सुकायला आलेलं. पुढे यूमा गावापर्यंतचे दिवस चांगले गेले, मजेत गेले. यिराव्हाचा धबधबा नऊ मीटरचा आहे. यूमात कॅफेत बसून खाल्लं. ज्यांना फक्त चव घ्यायची त्यांनी यूमाहून बारा किलोमीटरचं छोटं वर्तुळ करावं, एका दिवसात होतं, झुलते पूल, धबधबा सगळं त्यात येतं. लहान मुलं, आईवडील सोबत असतील तर हेच करा, पूर्ण ट्रेकच्या नादी लागू नका.

आणि आता तो पट्टा. यूमापासून रुकापर्यंत, वीस किलोमीटरच्या वर. हा भाग इतका वेगळा आहे की मला वाटतं याला वेगळा ट्रेक म्हणून सांगायला पाहिजे.

यूमा सोडल्यावर थोड्या वेळात पाईन कमी होत गेले आणि स्प्रूस सुरू झाले. नॉर्वे स्प्रूस. झाड अरुंद, उंच, भाल्यासारखं, फांद्या पार जमिनीला टेकलेल्या आणि खाली झुकलेल्या. हा आकार बर्फासाठी आहे, बर्फ साचला की फांदी वाकते आणि तो घसरून पडतो. तरीसुद्धा तिकडच्या टेकड्यांवर हिवाळ्यात धुकं गोठून झाडांवर एवढं ओझं होतं की शेंडे मोडतात, आम्हाला मोडके शेंडे कितीतरी दिसले. फांद्यांवरून काळपट केसांसारखी दगडफुलं लोंबत असतात. आत अंधार. दुपारी दोन वाजता, ज्या दिवसात सूर्य मावळतच नाही त्या दिवसात, आत संध्याकाळ वाटते. स्प्रूसला सावली चालते, त्याचं पिल्लू मोठ्या झाडाखाली वर्षानुवर्षं दम धरून राहतं, पाईन-बर्चला ते जमत नाही, म्हणून मधे वणवा आला नाही तर ओलसर सुपीक जागी शेवटी स्प्रूसच राज्य करतो.

ओलसर, हाच तो शब्द. स्प्रूस तिथेच येतो जिथे मातीत पाणी धरून राहतं. आणि ओल्या मातीत खाली हवा नसते म्हणून त्याची मुळं खोल जातच नाहीत, जमिनीच्या वरच्या थरात सगळीकडे ताटासारखी पसरतात. लोक चालून चालून वरची शेवाळ गेली की ती मुळं उघडी पडतात. आता विचार करा, चढाची वाट, त्यावर आडवीतिडवी मुळं, त्यावर पाऊस. ओलं मूळ म्हणजे तेल लावलेला दांडा. पाय मुळावर टाकला तर सटकतो, मुळांच्या मधे टाकला तर काळ्या चिखलात घोट्यापर्यंत जातो, तिसरी जागाच नाही. आणि एक चढ संपला की वर सपाटी नाही, लगेच तेवढाच उतार, खाली ओढा, पुन्हा चढ. पोरोन्तिमायोकीपासून पुढे हेच. मग कोन्ताइनेनची टेकडी, तिथे लाकडी पायऱ्यांचा चढ. वर पोचल्यावर समोर वाल्तावारा दिसतो, आणि त्याच्या मागे रुका, आणि मधे पूर्ण खाली उतरून रस्ता ओलांडायचा असतो हे वरून बघताना कळतं. त्या क्षणी वहिनी काही न बोलता सॅक टाकून बसली. ती आमच्यातली सगळ्यात फिट आहे, हाफ मॅरेथॉन धावते. तिचा घोटा आधीच दोनदा मुरगळला होता. पाईनमधे जिथे चार किलोमीटर होत होते तिथे आमचा वेग दीडवर आला होता. ज्याने आम्हाला ‘शेवटचा दिवस हॉटेलपर्यंत निवांत वॉक’ असं लिहून दिलं होतं त्याने ही वाट बघितलेली नाही, हे मी खात्रीने सांगतो.

उतार चढापेक्षा वाईट आहेत. पोल दोन पाहिजेत, एक नाही. घोट्यापर्यंतचे शूज पाहिजेत, रनिंग शूजवर ज्यांना आपण व्हिडिओत बघतो ते कोरड्या सप्टेंबरमधे रिकाम्या सॅकने पळत असतात. आणि तयारी करायची तर अंबाझरीला सपाट चकरा मारून उपयोग नाही, रामटेकला जा, अंबाळ्याच्या बाजूने गडावर पायऱ्यांनी दहा-बारा किलो पाठीवर घेऊन चढा आणि उतरा, पुन्हा चढा. गुडघ्याला उताराची सवय करायची आहे.

वर पोचल्यावर जे दिसतं ते मात्र लिहिलंच पाहिजे. वाल्तावाराच्या माथ्यावर झाडं विरळ, वाकडी, बुटकी, आणि चारी बाजूला क्षितिजापर्यंत जंगल आणि तळी, जंगल आणि तळी. पूर्वेला रशियाची हद्द फार लांब नाही, तिकडेही तेच काळं-हिरवं. वरून बघितलं की जंगल एका रंगाचं नाहीच: काळपट ते स्प्रूस, जरा निळसर-हिरवे ते पाईन, पोपटी ठिगळं ती बर्चची. बर्च म्हणजे पांढऱ्या सालीचा आपला भूर्ज, त्याच्याच कुळातला. जिथे जळालं, कापलं, वाऱ्याने पडलं, तिथे आधी बर्च आणि अस्पेन धावत येतात, मग त्यांच्या सावलीत स्प्रूस. म्हणजे वर उभं राहून कुठे काय घडलं असेल त्याचा अंदाज येतो आणि पुढची वाट कशी असेल तेही. मी फोनमधे फोटो काढून ठेवला आणि खाली उतरताना काळपट पट्टा आला की सगळ्यांना आधीच सांगत होतो, सावकाश, मुळं येणार. एकदाही चुकलं नाही.

एक प्रश्न ग्रुपमधे सारखा निघत होता की हिवाळ्यात ही झाडं जगतात कशी. फिनलंडमधे किट्टिलाजवळ १९९९ मधे उणे ५१.५ अंश नोंदलेलं आहे. मला विचाराल तर याचं उत्तर पेंचच्या सागात आहे. साग उन्हाळ्याआधी पानं टाकतो कारण जमिनीत पाणी नसतं आणि पान म्हणजे पाणी उडवायचं यंत्र. तिथे हिवाळ्यात पाणी आहे पण गोठलेलं, मुळांना घेता येत नाही, म्हणजे झाडाच्या दृष्टीने तो दुष्काळच. पाईन-स्प्रूसने त्यावर पान न टाकता पान बारीक केलं: सुई, वरून मेणाचा थर, श्वासाची छिद्रं खोलगट जागी. पेशींमधलं पाणी आधीच बाहेर काढून आतला रस दाट करतात, म्हणजे बर्फ झाला तरी पेशीच्या बाहेर होतो आणि पेशी फुटत नाही. पान टाकत नाही कारण उन्हाळा इतका छोटा की दरवर्षी सगळी पालवी नव्याने काढायला वेळ आणि खत दोन्ही नाही. माती तशी गरीबच, एका ठिकाणी वाट खचली होती तिथे कापलेला थर दिसला, वर काळी कुजकी सुयांची चादर, खाली राखेसारखा पांढुरका थर, त्याखाली तांबूस. आंबट पाण्याने वरच्या थरातलं सगळं धुऊन खाली नेलेलं. जे काही अन्न मिळतं ते मुळांशी जोडलेल्या बुरशांमार्फत. म्हणूनच तिथे अळंबी एवढी.

आणि सागासारखं वागणारं सूचिपर्णी झाडही आहे, लार्च. ते शरदात पिवळं होऊन सगळ्या सुया गाळतं. ट्रेकवर ते मिळणार नाही, त्याचं राज्य सायबेरियात, जिथे जमीन खाली कायम गोठलेली असते आणि थंडी सुयांनाही परवडत नाही. मला ते जंगल एकदा बघायचं आहे.

आता कामाचं उरलेलं पटापट.

कधी जावं: ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य. डास जवळजवळ संपलेले, ब्लूबेरीच्या जातीची काळी फळं आणि लाल आंबट लिंगनबेरी पिकलेली, तिथे कोणाच्याही जंगलात ती तोडून खायचा सगळ्यांना हक्क आहे. सप्टेंबरमधे बर्च पिवळे होतात आणि जमीन लाल. रात्री पारा शून्याखाली जातो, तेवढी स्लीपिंग बॅग न्या. जूनमधे मुलांच्या सुट्ट्यांशिवाय दुसरं कारण नसेल तर जाऊ नका.

दिशा: सगळे उत्तरेकडून सुरू करतात, रुकाला हॉटेल आहे म्हणून. माझं मत उलटं आहे. रुकाहून सुरू करा, पाय ताजे असताना स्प्रूसच्या टेकड्या संपवा, सॅक जड असली तरी चालेल, थकलेल्या गुडघ्याने ते उतार नको. किंवा उत्तरेकडून येऊन यूमाला संपवा आणि पाऊस असेल तर पुढे जाऊच नका. मामेभावाला हे पटत नाही, तो म्हणतो शेवट माथ्यावरच व्हायला पाहिजे. त्याच्या गुडघ्याचं वय सव्वीस आहे.

राहणं: वाटेत फुकटच्या लाकडी झोपड्या आहेत, बुकिंग नसतं. तिथला रिवाज असा की उशिरा पोचलेल्याचा हक्क पहिला, आधी आलेल्याने जागा करून द्यायची. तंबू न्याच, झोपडीच्या भरवशावर जाऊ नका. निघताना झाडून, लाकडं फोडून ठेवून निघा. जूनमधे गेलात तर झोपायला डोळ्यावर पट्टी लागते, रात्री बारालाही ऊन असतं.

खाणं: युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. खवा घातलेली संत्रा बर्फी, तूप, पनीर काहीच नाही. ताजी संत्रीसुद्धा रोगमुक्तीच्या सरकारी प्रमाणपत्राशिवाय नाहीत, केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढ्याच फळांना त्यात सूट आहे. आम्ही तेलातले डिंकाचे लाडू, भाजलेलं सातूचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि इतवारीतून घेतलेला चिवडा नेला, पुरला आणि तिथल्या सुक्या पाकिटांपेक्षा कितीतरी चांगला. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, तो कूसामो किंवा रुकाला घ्या, सणाच्या दिवशी बंद असतं हे विसरू नका. ओढ्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी उकळून प्या. दलदलीतून येणारं पाणी चहाच्या रंगाचं असतं, तो रंग कुजक्या झाडपाल्याचा, उकळलं की चालतं.

व्हिसा शेंगेनचा, मोठ्यांची फी सध्या ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. त्यात ट्रेकिंग आणि जंगलातून उचलून आणण्याचा खर्च धरलाय का ते विचारा, स्वस्तातल्या पॉलिसीत बहुतेक नसतो.

रुकाहून परतीची बस विमानाच्या वेळेला धरून सुटते पण मधे पूर्ण अर्धा दिवस हाताशी ठेवा. स्प्रूसमधे पाऊस लागला तर तो अर्धा दिवस तिथेच जातो.